परदेशी कपड्यांचे ब्रँड पुरवठादार कारखान्यातल्या कामगारांचा युनियनचा हक्क खरंच जपू शकतात का?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, 'दरवर्षी ऑडिट होतं ना, तेवढं पुरेसं नाही का?' त्या ओळीसाठी लिहायला बसलो.

नाही. पुरेसं नाही. 2011 ते 2014 मी ढाक्याजवळ गाजीपूरला एका बायिंग हाउसकडून (ब्रँडसाठी कारखान्यांतून माल घेणारी मध्यस्थ कंपनी) क्वालिटी बघायचो. ऑडिटच्या, म्हणजे ब्रँडसाठी होणाऱ्या कारखाना-तपासणीच्या, आदल्या रात्री फ्लोअरवर काय चालतं ते बघितलेलं आहे. जिन्यातले कार्टन हलतात, मागच्या दाराचं कुलूप निघतं, हजेरीचं दुसरं रजिस्टर कपाटातून बाहेर येतं, ज्यात कुणीही दोन तासांच्या वर ओव्हरटाइम केलेला नसतो. सुपरवायझर लाइनीलाइनीने फिरून उत्तरं घोकून घेतो. युनियन आहे का? 'गरज नाही, पार्टिसिपेशन कमिटी आहे.' म्हणजे मालक आणि कामगारांची एकत्र समिती. कमिटीत कोण? एचआरने निवडलेले.

2012 च्या जानेवारीतली गोष्ट. पोलो शर्टची ऑर्डर होती. कॉलर लावणारी एक आपा होती (तिथे बायकांना सगळे आपा म्हणतात, आम्हाला भाई). हात इतका साफ की तिच्याकडून पीस परत आला तर मी आधी कापडात खोट शोधायचो. ऑडिटच्या दिवशी मी तिच्या लाइनला चेकिंग करत होतो. तिने बंडल पुढे सरकवलं, वरच्या पीसच्या कॉलरखाली घडी घातलेला कागद. मान वर न करता म्हणाली, विदेशी साहेबांना द्या.

मला बंगाली अडखळत वाचता यायचं. सात नावं आणि खाली तीन ओळी. आम्ही युनियनचे फॉर्म भरलेत, तिघींना ऑफिसात बोलावून दम दिलाय, उद्या काढलं तर का काढलं ते कुणाला तरी माहीत असावं. तेव्हा सगळ्यात खालच्या ग्रेडला महिन्याला 3,000 टका पगार होता. तेवढ्यासाठी सात जणींनी स्वतःची नावं लिहून दिली होती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो कागद माझ्या खिशात होता. ऑडिटर साहेब जीएमच्या केबिनमध्ये बिर्याणी खात होते. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. दोन आठवड्यांवर शिपमेंट होतं. संध्याकाळी ऑडिटर गेल्यावर मी तो कागद जीएमला दिला. माणूस सज्जन वाटायचा, घरातलं घरात मिटेल असं वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

आठ दिवसांत सात मशिनींवर सात नवीन बायका. फायलीत सातही राजीनामे, एकाच अक्षरात. हिशोब घ्यायला ती कॉलरवाली आपा गेटवर आली होती तेव्हा मला थांबवून तिने विचारलं, 'भाई, चिठ्ठी दिली होती ना?' मी म्हणालो, दिली होती. खोटं नव्हतं ते. म्हणूनच अजून टोचतं.

आता कायद्याची गंमत ऐका. त्या वेळी तिथे युनियनची नोंदणी करायला कारखान्यातले 30 टक्के कामगार सभासद लागायचे, आणि अर्ज आला की कामगार खातं पदाधिकाऱ्यांची नावं मालकाला कळवायचं. म्हणजे मी जे चोरून केलं ते सरकार नियमाने करत होतं! नावं कळवायची तरतूद 2013 मध्ये गेली, 30 चे 20 टक्के 2018 मध्ये झाले. कारण 2013 च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली. इमारतीला आदल्या दिवशी तडे गेले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या पाच कारखान्यांतले कामगार 24 एप्रिलच्या सकाळी आत जायला तयार नव्हते, त्यांना पगार कापायची धमकी देऊन चढवलं. 1,134 माणसं गेली. त्यातल्या काही कारखान्यांची ऑडिटं झालेली होती. युनियन मात्र पाचपैकी एकातही नव्हती. 'आम्ही चढत नाही' हे एकट्याने म्हणता येत नाही हो.

ब्रँड काय करू शकतात? कोर्टात ओढता येईल असा कागद सही करू शकतात. राणा प्लाझानंतरचा अॅकॉर्ड, म्हणजे ब्रँड आणि युनियनमधला करार, तसा होता, दोन ब्रँड्सना युनियननी हेगच्या लवादापुढे उभं केलं आणि त्यातल्या एकाने 23 लाख डॉलर मोजून तडजोड केली. पण तो इमारत आणि आगीपुरता. बायकांच्या छळाबाबत आणि युनियनबाबत आपल्याच देशात तामिळनाडूत, दिंडिगुलला 2022 मध्ये करार झाला. सुपरवायझरने एका दलित कामगार मुलीचा खून केल्यानंतर तिच्या युनियनने लढून तो मिळवला. त्यात एच अँड एमने सही केली, मग गॅप आणि पीव्हीएचनेही. मालकाने करार मोडला तर ऑर्डरवर गदा येईल अशी अट त्यात होती. मालकाला फक्त हीच भाषा कळते. आणि ब्रँडने हेही लावून धरावं: काढलेल्या बाईला आधी कामावर घ्यायचं, मधल्या दिवसांच्या पगारासकट, चौकशी नंतर. उलट केलं तर चौकशी संपेपर्यंत ती गावाला गेलेली असते.

'बांगलादेशात असंच चालायचं' म्हणणाऱ्यांसाठी: संघटनेच्या हक्काचे आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे) 87 आणि 98 क्रमांकाचे करार बांगलादेशाने 1972 लाच मान्य केले. भारताने दोन्हीही अजून केलेले नाहीत.

आमचे ठाण्याचे मेव्हणे दर गणपतीला आरती झाली की म्हणतात, 'युनियनने गिरण्या बुडवल्या.' माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते, 18 जानेवारी 1982 ला संपावर बाहेर पडले ते कायमचेच. ते मोदकाचं ताट घेऊन आत निघून जायचे, आणि मी मेव्हण्यांच्या बाजूने मान हलवायचो. गाजीपूरला खिशात कागद होता तेव्हा डोक्यात मेव्हण्यांचंच वाक्य होतं. मेव्हणे, तो संप नुसता बोनससाठी नव्हता. 1946 च्या कायद्याने गिरणगावात एकच मान्यताप्राप्त युनियन बोलणार, कामगाराला ती नको असली तरी तीच. अडीच लाख माणसांना आपला माणूस आपण निवडायचा होता. आपली युनियन निवडायचा हक्क ज्यांना नव्हता, त्यांच्या युनियनने गिरण्या बुडवल्या म्हणता?

आता एवढं भांडल्यावर सांगतो, बांगलादेशातले काही युनियन नेते मालकाच्या खिशात होते, काहींचा डोळा फक्त कारखान्याच्या चिंध्यांच्या ठेक्यावर. तिथे त्याला झुट म्हणतात, त्यावरून मारामाऱ्या होतात. आणि छळ ऐकून ब्रँडने ऑर्डरच काढून घेतली तर हजार बायका त्या सात जणींनाच शिव्या घालतात, तेव्हा 'बहिष्कार टाका' हे कॉमेंटमध्ये लिहू नका.

उत्तर मेव्हण्यांना पाठवतोय. ते वाचतात सगळं, लाइक करत नाहीत.