परदेशी मोफत वाहिन्यांसाठी घरी किती फुटांची डिश बसवावी?

महाराष्ट्रातून परदेशी मोफत वाहिन्या पाहायच्या असतील, तर सहा ते आठ फुटी सी-बँड (उपग्रह प्रक्षेपणाचा एक लहरपट्टा) डिश घ्यावी. डीडी फ्री डिशची दोन फुटी छत्री त्यासाठी पुरणार नाही. ती छत्री ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ या उपग्रहाच्या केयू-बँडसाठी, म्हणजे अधिक आखूड लहरींच्या पट्ट्यासाठी असते, तर आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक परदेशी मोफत वाहिन्या सी-बँडवर असतात, आणि सुमारे आठ सेंटिमीटर तरंगलांबीचे ते क्षीण संकेत एकवटण्यासाठी मोठा पृष्ठभाग लागतो. जाळीची डिशही चालते, कारण तिची भोके तरंगलांबीपेक्षा बरीच लहान असतात; शिवाय पावसाळी वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून गच्चीसाठी मी तीच सुचवीन. सोबत सी-बँडचा एलएनबी (डिशने एकवटलेले संकेत पकडणारा, तिच्यासमोर बसणारा भाग) आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची पद्धत) व एचईव्हीसी (चित्र आकसून पाठवण्याची पद्धत) चालणारा फ्री-टू-एअर, म्हणजे मोफत वाहिन्या दाखवणारा रिसीव्हर घ्यावा. कोणत्या उपग्रहावरची कोणती वाहिनी आज खुली आहे हे मात्र खरेदीपूर्वी लिंगसॅट या उपग्रह वाहिन्यांची यादी देणाऱ्या संकेतस्थळावर पाहावे, कारण सांकेतिक कुलूप लागलेली वाहिनी कितीही मोठ्या डिशने उघडत नाही.