पनवेल आणि पिंपरीचा खासदार एकच का?

प्रश्न : आम्ही पनवेलचे, जिल्हा रायगड. मग आमचा मतदारसंघ ‘मावळ’ कसा? घाटावरच्या पिंपरी-चिंचवडशी आमचा काय संबंध?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : संबंध आहे तो भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या गणिताचा. २००८ साली अमलात आलेल्या मतदारसंघांच्या फेररचनेत महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८ अशाच राहिल्या, म्हणजे एका खासदारामागे सहा विधानसभा मतदारसंघ. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख. म्हणजे लोकसभेच्या एका जागेला सरासरी २० लाख माणसे.

आता पुणे जिल्हा घ्या. त्याच्या वाट्याला विधानसभेच्या २१ जागा. पुणे, बारामती आणि शिरूर या लोकसभा मतदारसंघांना प्रत्येकी सहा दिल्या की उरतात तीन : मावळ (२०४), चिंचवड (२०५), पिंपरी (२०६); कंसातला आकडा विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक. शेजारच्या रायगडला सात जागा. त्यातल्या पनवेल (१८८), कर्जत (१८९) आणि उरण (१९०) या तीन घाटाखालून उचलून वरच्या तिघांना जोडल्या आणि ३३ क्रमांकाचा मावळ लोकसभा मतदारसंघ तयार झाला. रायगडला मग चारच उरल्या. सहाचा आकडा भरून काढायला रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर घेतले. रत्नागिरीच्या उरलेल्या तीन आणि सिंधुदुर्गच्या तीन मिळून पुढचा मतदारसंघ. पुण्यात तीन जागा उरल्या, त्याचा धक्का असा थेट तळकोकणापर्यंत गेला. जुने कुलाबा आणि खेड मतदारसंघ याच फेररचनेत संपले.

विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, लोकसभेचा ओलांडू शकतो. सीमा आखताना भूगोल आणि दळणवळणही पाहावे, असे परिसीमन (म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवण्याचा) कायदा सांगतो. बोरघाटातून रेल्वे आणि द्रुतगती मार्ग जातो, तेव्हा दळणवळण आहे हे खरे. पण उरणचे बंदर आणि मासेमारी, कर्जतची भातशेती, पिंपरीची कारखानदारी हे एकाच खासदाराच्या टेबलावर येणे गणिताला सोयीचे, मतदाराला नव्हे, असे आमचे मत आहे. नावही फसवेच : मावळ तालुक्यापेक्षा पनवेल आणि चिंचवडमध्ये मतदार जास्त आहेत.

प्रश्न : भोसरीहून चिंचवडला राहायला आलो. महापालिका तीच, मग यादीत नाव बदलायची गरज आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आहे. पिंपरी-चिंचवड शहर लोकसभेला एकाच मतदारसंघात येत नाही. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये, भोसरी (२०७) शिरूरमध्ये. गोंधळ होतो तो प्रभागामुळे. महापालिका निवडणुकीचा प्रभाग वेगळा, विधानसभेची हद्द वेगळी. प्रभागरचना बदलली तरी विधानसभेची हद्द तिथेच राहते. पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली, तरी तिथल्या विधानसभेच्या रेषा हलल्या नाहीत.

आधी निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक टाकून नाव शोधा, नाहीतर १९५० वर फोन करा. विधानसभा क्रमांक, यादी भाग आणि अनुक्रमांक असे तीन आकडे मिळतील. पहिला आकडा २०७ असेल तर तुम्ही अजून शिरूरचेच मतदार. मग नमुना ८ भरा. त्यात ‘निवासस्थान बदल’ आणि त्याखाली ‘मतदारसंघाबाहेर’ हा पर्याय निवडा. सोबत नव्या पत्त्याचा पुरावा हवा : वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. साध्या कागदावरच्या भाडेकरारावर विसंबू नका.

नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. तो भरला की दोन ठिकाणी नाव लागण्याची शक्यता असते, आणि दुहेरी नोंदीला कायद्याने बंदी आहे; त्यासाठी अर्जात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. नमुना ८ मंजूर झाल्यावर जुन्या यादीतले नाव वगळले जाते, ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. महिन्याभराने पुन्हा नाव शोधा आणि पहिला आकडा २०५ झाला का ते पाहा.

प्रश्न : या सीमांना न्यायालयात आव्हान देता येते का?
– एक वाचक, खोपोली

उत्तर : जवळजवळ नाही. परिसीमन आयोगाचा राजपत्रातला आदेश कायद्याइतकाच बंधनकारक असतो, आणि राज्यघटनेचे कलम ३२९ न्यायालयांना त्यापासून दूर ठेवते. आदेश उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय पाहू शकते, एवढी फट सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठेवली. ‘आमचा तालुका घाटाखाली आहे’ एवढा मुद्दा त्या फटीतून जाणार नाही. हरकत घ्यायची ती मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच, आयोगापुढे.