नेक्स्ट जनरेशन सुरू करतोयस? पहिला सीझन बघून सोडू नकोस
हे बघ, स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन या अंतराळातल्या सायफाय मालिकेचा १९८७ चा पहिला सीझन जरा जड जातो, पात्रं बोलतात कमी आणि भाषणं जास्त देतात, पण तेवढ्यावरून मत बनवू नकोस प्लीज. दुसऱ्यात १९८८ च्या लेखकांच्या संपामुळे २२च एपिसोड झाले, शेवटचा तर जुन्या क्लिप्स जोडून केलाय, तो खुशाल सोड. पण त्यातलाच 'द मेझर ऑफ अ मॅन' अजिबात चुकवू नकोस!! डेटा नावाचा माणसासारखा यंत्रमानव ही स्टारफ्लीटची (तो ज्या अंतराळ दलात काम करतो त्याची) मालमत्ता आहे की त्याला स्वतःचे हक्क आहेत यावर सुनावणी चालते, आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची वेळ येते त्याच्याच मित्रावर, रायकरवर, तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग सरळ त्याला स्विच ऑफ करतो, अंगावर काटा येतो राव.

तिसऱ्यापासून मायकेल पिलरने लेखनाची सूत्रं घेतली आणि गोष्टी पात्रांभोवती फिरायला लागल्या. माझ्या मते खरी मजा ३ ते ६ मध्येच. सातवा थोडा दमलेला वाटतो, पण त्याचा शेवट थेट पहिल्या एपिसोडमधल्या खटल्याला, म्हणजे क्यू नावाचा सर्वशक्तिमान जीव मानवजातीवर चालवतो त्याला, जाऊन भिडतो, त्यामुळे बाकी काही वगळलंस तरी तो पहिला एपिसोड मात्र नीट बघ.