राणीछाप रुपयावरचे रंग : आपसूक आलेले की चढवलेले?

प्रश्न : जुन्या बाजारात १९०१ चा राणीछाप रुपया पाहिला. कडेला गर्द निळं-जांभळं, मधे पांढरं. विक्रेता म्हणतो, टोनिंग (चांदीवर काळाने चढलेला रंग) नैसर्गिक आहे, म्हणून दुप्पट भाव. खरं-खोटं कसं ओळखायचं? (सदाशिव पेठ)

उत्तर : आधी रंगांचा क्रम पाहा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो : फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस, जांभळा, मग निळा. त्याहून जाड झाला की पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा अशी दुसरी फेरी, आणि शेवटी काळपट. म्हणून पांढऱ्याकडून निळ्याकडे जाताना मधे सोनेरी-तांबूस पट्टी, केसाएवढी का होईना, असायला हवी. निळं थेट पांढऱ्याला भिडलेलं असेल तर घासाघीस करण्यात अर्थ नाही, नाणं परत ठेवा.

क्रम बरोबर निघाला तर दहापट भिंग आणि एकच दिवा घ्या. नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. टांकसाळीचं मूळ तेज शाबूत असेल तर रंगाच्या खालून उजेडाचा पट्टा गोल फिरताना दिसतो. रंग भडक पण खाली मेलेला, सपाट पृष्ठभाग, हे नाणं बहुधा आधी घासलेलं असतं आणि ते लपवायला रंग दिलेला असतो. लक्ष्मीपूजनाला चिंच-रांगोळीने घासलेले रुपये पुण्यात घरोघरी आहेत, त्यामुळे हा प्रकार वरचेवर भेटतो. भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसले आणि रंग त्या ओरखड्यांच्या आतही सारखाच उतरलेला असला, तर रंग घासण्यानंतरचा आहे एवढं पक्कं. तो कुणी चढवला की आपसूक आला, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

अक्षरांभोवतीही पाहा. संथपणे आलेल्या रंगात अक्षरांना लागून अनेकदा फिकट कडा राहते. लिव्हर ऑफ सल्फर या चांदी काळी करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाच्या द्रावणात बुडवलेल्या नाण्यावर ओघळ, डाग, कडेच्या खाचांत साचलेला काळा रंग दिसतो. गंधकाचं मलम लावून तापवलेल्यावर रंग ढगाळ आणि दोन्ही बाजूंना एकसारखा येतो. कधीकधी वासही येतो.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : उकडलेल्या अंड्याशेजारी डब्यात ठेवून आणलेला रंगही सिल्व्हर सल्फाइडच असतो. सावकाश, बेताने केलेलं काम रसायनावरून वेगळं काढता येत नाही. म्हणूनच नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएससारख्या संस्था अशा नाण्यांवर ‘संशयास्पद रंग’ असा शेरा मारतात. शंका असेल तर साध्या रुपयाचा भाव द्या, रंगाचा नको.

प्रश्न : काळवंडलेले रुपये बेकिंग सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलने उजळू का? (कोथरूड)

उत्तर : पूजेच्या ताम्हणातले खुशाल उजळा. संग्रहातले नको. या क्रियेत सल्फाइडची पुन्हा चांदी होते, पण ती खरखरीत, निस्तेज बसते. बाजारात मिळणारा थायोयुरियाचा डिप (नाणं बुडवून उजळायचं द्रावण) तर थर विरघळवूनच नेतो, आणि प्रत्येक बुडवणीत पृष्ठभागाचं तेज थोडं जातं. आधीच झिजलेल्या नाण्यावर डिप म्हणजे पांढरं, फटफटीत, मेलेलं नाणं. पितांबरी, टूथपेस्ट यांचं नाव काढू नका.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या अल्बममधल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आलाय. तेही टोनिंगच ना? (हडपसर)

उत्तर : नाही, तो मऊ पीव्हीसीतून सुटणारा पदार्थ आहे. वेळेत काढला नाही तर नाणं खातो. केमिकलच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपेंट रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल, सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घ्या, पाच मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये खळबळा. चोळायचं नाही, पुसायचं नाही, हवेवरच वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद. अ‍ॅसिटोनने सल्फाइडचा रंग जात नाही, त्यामुळे धास्ती नको. उलट रंग उतरला तर तो शाई किंवा लाखेचा होता असं समजा. पुढे नाणी मायलरच्या (पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या) पाकिटात किंवा घट्ट कॅप्सूलमध्ये ठेवा. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड डब्यात नकोत. रबरातल्या गंधकाची काळी रेघ नाण्यावर उमटते. जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की बदला.