परदेशातून पहिलं पेमेंट मागवताना

अगं, क्लायंटला आयएफएससी पाठवू नकोस. तो देशातल्या देशात, एनईएफटी-आरटीजीएससाठी. परदेशी बँकेला लागतो स्विफ्ट कोड. फॉर्मवर बीआयसी लिहिलं असलं तरी तोच. आयएफएससी ११ अक्षरी, स्विफ्ट ८ किंवा ११, म्हणून गल्लत होते. आपल्या बँक ऑफ बडोदाचे तर दोन्ही बी-ए-आर-बी नेच सुरू होतात! पाचवी जागा बघ: आयएफएससीत तिथे शून्य, स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर देशाचं, म्हणजे आय-एन. स्विफ्ट ११ अक्षरी असेल तर त्याची शेवटची तीन अक्षरं शाखेची.

दांडिया बाजारातल्या तुझ्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेलही; सगळ्या शाखांना नसतो. मग कुठला वापरायचा ते शाखेतच विचार आणि लेखी घे. गूगलवरून उचललेल्या कोडवर माझा काडीचा विश्वास नाही. आयबॅन (बऱ्याच देशांत वापरतात तो आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) मागितला तर भारतात तो नसतो, साधा खातेक्रमांक दे. नाव पासबुकात आहे तसंच. तिथे मागे ‘बेन’ लागलं असेल तर ते धरून. पैसे आले की बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, विचारेल, तेव्हा इन्व्हॉइस हाताशी ठेव. पैसे वाटेत ज्या बँकेतून येतात त्या मधल्या बँकेचं शुल्क कोण भरणार, हे मात्र क्लायंटशी आधीच बोलून घे.