‘अनरेडी’ म्हणजे बेसावध नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘मुलांसाठी इतिहासातल्या गोष्टी मराठीत लिहिते आहे. इंग्लंडच्या एथेलरेड द अनरेडी या राजाला बेसावध एथेलरेड म्हटलं तर चालेल ना? व्हायकिंग येत राहिले आणि हा तयारीत नव्हता, म्हणून नाव पडलं असावं.’

अशी समजूत खुद्द इंग्रजांचीही असते. पण या ‘अनरेडी’चा आजच्या ‘रेडी’शी काडीचा संबंध नाही. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, ‘उन्‌रॅड’. त्यातला ‘रॅड’ म्हणजे सल्ला, मसलत. राजाचं नाव अ‍ॅथेलरॅड: ‘अ‍ॅथेल’ म्हणजे कुलीन, थोर, आणि पुढे तोच ‘रॅड’. आता दोन्ही शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणा, अ‍ॅथेलरॅड उन्‌रॅड. कोपरखळी कानालाच कळते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हा ‘रॅड’ तसा मेलेला नाही. त्याच्याच क्रियापदापासून वाचण्याला ‘रीड’ आलं. आधी अर्थ सल्ला देणं, मग उलगडा करणं, मग लिहिलेल्याचा उलगडा करणं. कोड्याला ‘रिडल’ म्हणतात तेही याच घरचं. जर्मनीत नगरपालिकेच्या इमारतीला ‘राटहाउस’ म्हणतात, त्यातला ‘राट’ हाच. आल्फ्रेड राजाच्या नावाचं शेपूटही हेच.

राहिला ‘उन्‌’. हा नकार आहे, पण नुसता अभाव सांगणारा नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘उन्‌वेडर’ म्हणजे वाईट हवा. आपल्या ‘अ’चंही तेच आहे की! पाहुणा ‘अवेळी’ आला म्हणजे नको त्या वेळी आला. अविचार करणाराही विचार करतोच, पण भलता. तेव्हा उन्‌रॅड म्हणजे भलता सल्ला, फसलेली मसलत.

त्या काळाच्या बखरीत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये, या ‘रॅड’चा विषय पुन्हा पुन्हा निघतो. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रज सरदार ब्यर्तनॉथ पडला आणि त्याच वर्षी डेन लोकांना, म्हणजे या व्हायकिंगांना, पहिली मोठी खंडणी गेली, १०,००० पौंड. एका पौंडाला २४० चांदीच्या पेन्या, म्हणजे चोवीस लाख नाणी. बखरकार सांगतो की हा ‘रॅड’ आर्चबिशप सिगेरिकचा. पुढे ९९४ ला १६,०००, १००२ ला २४,०००, आकडा चढतच गेला. १०१० च्या नोंदीत तर तो वैतागूनच लिहितो: शत्रू पूर्वेला असला की आपली फौज पश्चिमेला, तो दक्षिणेला असला की आपली उत्तरेला. मग सगळ्या ‘वितान’ना राजाकडे बोलवायचं (वितान म्हणजे जाणते, आपल्या ‘विद्’ धातूचा दूरचा भाऊ), देश राखायचा कसा यावर खलबत करायचं, आणि जे ठरेल ते महिनाभरसुद्धा टिकायचं नाही. १०११ मध्ये तो शब्दच वापरतो: ही सारी अरिष्टं आमच्यावर आली ती ‘उन्‌रॅडां’मुळे, कारण ना वेळेवर खंडणी देऊ केली, ना लढलो. इथे तो अनेकवचन वापरतो, हे सोडू नका. ठपका एकट्या राजावर नाही, साऱ्या दरबारावर आहे.

आणि तयारी नव्हती म्हणावं, तर १००८ साली राजानं देशभर जहाजं बांधायला लावली. १००९ ला सँडविच बंदरात जमलेलं आरमार इंग्लंडनं आधी कधी पाहिलं नव्हतं, असं बखरच म्हणते. मग झालं काय? ब्रिट्रिक नावाच्या सरदारानं वुल्फनॉथ या दुसऱ्या सरदारावर राजापाशी आरोप केला. वुल्फनॉथ वीस जहाजं घेऊन निसटला आणि किनाऱ्यावर लुटालूट करू लागला. ब्रिट्रिक ऐंशी जहाजं घेऊन त्याच्या मागे लागला, तुफानानं ती किनाऱ्यावर आपटली, आणि उरलीसुरली वुल्फनॉथनं जाळली. डेन यायच्या आतच निम्मा खेळ खलास. याला बेसावधपणा कसा म्हणणार?

टोपणनाव त्याच्या हयातीत कुणी वापरल्याचा लेखी पुरावाही नाही. १०१६ ला तो वारला आणि कागदावर हे नाव दिसतं ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर ‘रॅड’ आणि ‘रेडी’ यांचा गोंधळ व्हायला वाव होताच.

मराठीत काय करावं? शब्दाला शब्द हवा असेल तर ‘सुमंत्र कुमंत्र’. मंत्र म्हणजे मसलत हा अर्थ आपल्या कानमंत्रात आणि मंत्र्यात अजून जिवंत आहे, आणि दशरथाचा सुमंत्र मुलांना ठाऊक असतो. पण सुमंत्र म्हटलं की अयोध्याच डोळ्यांपुढे येईल, ही अडचण. ‘अविचारी’ जवळचा आहे, फक्त त्यात दोष एकट्या राजाच्या डोक्याचा होतो. माझं मत ‘हलक्या कानाचा एथेलरेड’ला. कोटी जाते खरी, पण भलत्यांचं ऐकून फसलेला राजा, हा अर्थ मुलांना न समजावता कळतो. अनेकवचनाचा तो बारकावा मात्र गोष्टीत कुठेतरी येऊ द्या.

‘बेसावध’ खोडाच. दहा-बारा वर्षांचा असताना, ९७८ मध्ये, सावत्र भावाचा खून होऊन ज्याला गादी मिळाली, तो सदा सावधच राहिला असणार.