पहिलं डायव्ह वॉच ऑटोमॅटिक घ्यावं की क्वार्ट्झ? एसकेएक्स००७ की जुनं ७५४८?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, डायव्ह वॉच म्हणजे पाण्याखाली घालायची घड्याळं जमवायला सुरुवात करायची आहे, एकीकडे सेको या जपानी कंपनीचं एसकेएक्स००७ मिळतंय, ते ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं, आणि दुसरीकडे सेकोचंच जुनं ७५४८, ते क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं, आणि मित्र म्हणतात की क्वार्ट्झला घड्याळं जमवणारे विचारत नाहीत. मी मालवणचा, बारा वर्षं झाली ऑक्टोबर ते मे तारकर्ली-देवबागच्या बाजूला लोकांना स्कूबाला नेतो, आणि घड्याळांचा नाद त्याच्याही आधीपासूनचा आहे. सरळ सांगतो, एसकेएक्स घ्या. पण मित्रांनी दिलेल्या कारणासाठी घेऊ नका, कारण ते कारणच चुकीचं आहे.

क्वार्ट्झ म्हणजे स्वस्तातलं, खरं घड्याळ ते चावीचं नाहीतर ऑटोमॅटिक, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. डायव्ह वॉचच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. १९६८ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरेमधल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सेकोला पत्र लिहिलं होतं की तुमचं ३०० मीटरवालं घड्याळ आमच्या खोल कामात टिकत नाही. तिथे हे लोक दिवसेंदिवस हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात, हेलियमचे कण इतके बारीक की ते घड्याळाच्या आत शिरतात आणि वर येताना बाहेर पडायला बघतात. सेकोने त्यावर सात वर्षं घालवली आणि १९७५ मध्ये टायटॅनियमचं ६०० मीटरवालं घड्याळ काढलं, ज्याला लोक पुढे ट्यूना कॅन म्हणायला लागले. ते पहिलं ऑटोमॅटिक होतं, आणि तीनच वर्षांनी, १९७८ ला, त्याच घड्याळात त्यांनी क्वार्ट्झ घातलं, १९८६ ला १००० मीटरवालं आलं तेही क्वार्ट्झच. म्हणजे ज्यांचा जीव पाण्याखाली त्या घड्याळावर अवलंबून होता त्यांच्यासाठी कंपनीने क्वार्ट्झ निवडलं. ओमेगाचं पण बघा, १९९५ च्या बाँडपटात पिअर्स ब्रॉस्ननच्या हातात जे निळं सीमास्टर होतं ते क्वार्ट्झ होतं, ऑटोमॅटिक त्याच्या हातात नंतरच्या सिनेमापासून आलं. ही घड्याळं आज लोक शोधून शोधून घेतात.

अचूकपणात तर तुलनाच होत नाही. आजच्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट त्याचे पंधरा वेळा अर्धे अर्धे करत शेवटी सेकंदाचा एक ठोका काढतं, आणि महिन्याला फरक पडलाच तर पंधरा सेकंदांच्या आसपास. एसकेएक्समधली ७एस२६ मशीन तासाला २१,६०० ठोके मारते, म्हणजे सेकंदाला सहा, आणि तिला कंपनीचीच सूट आहे दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे. दिवसाला हां, महिन्याला नाही. शिवाय तिला हाताने चावी देता येत नाही, बंद पडली की हलवून जागी करायची, आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबत पण नाही.

मग तरी एसकेएक्स का म्हणतोय, तर आपल्या हवेमुळे. मी दोन घड्याळं पाण्यात घालवली आहेत, ती दोन्ही सांगतो म्हणजे कळेल.

पहिलं होतं क्वार्ट्झ. सीझन सुरू व्हायच्या आधी एका दुकानात सेल बदलून घेतला, दहा मिनिटांचं काम, त्यांनी झाकण उघडलं, सेल टाकला, झाकण लावलं, मी पैसे दिले आणि निघालो. आतला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, चिमटला गेला होता ते त्यांनी बघितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर उतरलो, खोली फार तर सात-आठ मीटर, म्हणजे २०० मीटरवाल्या घड्याळाला काहीच नाही, आणि वर आलो तर काचेला आतून धुकं. संध्याकाळपर्यंत काटा थांबला. नेऊन उघडलं तर सर्किटवर हिरवं चढायला सुरुवात झालेली आणि केसासारखी तार गुंडाळलेली ती कॉईल गेलेली. तसं दुसरं सर्किट आजवर मिळालं नाही, घड्याळ अजून डब्यात आहे. आमच्याकडचे एक म्हातारे घड्याळवाले काका आहेत, ते एवढंच म्हणाले, ‘सेल बदललंस ता ठीक, पण वायसर कोण बदलतलो?’

दुसरं एसकेएक्स. पावसाळाभर कपाटात बंद होतं, सप्टेंबर संपता संपता काढलं, तारीख-वार लावले आणि चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बटण, स्क्रू करून पूर्ण आत बसवायची राहिली. खारं पाणी आत. पण त्याच संध्याकाळी काकांकडे नेलं, त्यांनी पूर्ण खोललं, एकेक भाग धुतला, तेल दिलं, एक स्प्रिंग आणि दोन स्क्रू बदलले, आणि ते आत्ता हे लिहिताना माझ्या हातावर आहे. खारं पाणी गेलं तर दिवस लावू नका, त्याच दिवशी उघडून घ्या, तांदळात वगैरे ठेवत बसू नका, ओल जाईल पण मीठ आतच राहील आणि ते खात बसेल.

फरक हाच आहे. बुडालेलं ऑटोमॅटिक माणूस हाताने परत उभं करू शकतो, बुडालेलं जुनं क्वार्ट्झ बहुतेक वेळा संपतं. पुण्याला किंवा नागपूरला राहून विचारलं असतं तर मी कदाचित ७५४८ घ्या म्हटलं असतं, कारण ती मशीन खरंच सुंदर आहे, धातूची, पाच ज्वेलची, खोलून साफ करता येते, आत्ताच्या प्लॅस्टिकच्या मशिनींसारखी फेकून द्यायची नाही. पण तिची सर्किट आणि कॉईल आता दुसरं घड्याळ मोडूनच मिळणार, आणि आपल्या इथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे चाळीस वर्षांच्या सर्किटचं काय होतं ते सांगायला नको. (७५४८ घेतलंच तर पावसाळ्यात घालणार नसाल तेव्हा सेल काढून ठेवा, मेलेला सेल आत राहिला की पाझरतो आणि सगळं खातो. आणि सेकंद काटा एकदम दोन-दोन सेकंद उड्या मारायला लागला तर तो बिघाड नाही, सेल संपत आल्याची खूण आहे.) सोलरचा पर्याय पण कुणीतरी सुचवेल, चांगलाच आहे, पण सिटीझनचं इको-ड्राइव्ह चार महिने अंधाऱ्या कपाटात टाकू नका, खिडकीशी ठेवा.

अजून एक, दोन्ही घड्याळं पाण्यासाठी उघडी पडतात ती वेगवेगळ्या दारांनी. क्वार्ट्झचं मागचं झाकण दर दोन-चार वर्षांनी उघडतं, ऑटोमॅटिकची चावी दर वेळी बंद पडल्यावर वेळ लावायला उघडते. म्हणून ऑटोमॅटिक एकच असेल आणि रोज घालणार असाल तर ते जास्त सुरक्षित, दहा असतील आणि आळीपाळीने घालणार असाल तर दहा चाव्या सारख्या उघडझाप होणार. तुमचं पहिलंच आहे, म्हणून रोज घाला. रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये तारीख बदलायला जाऊ नका, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दात तुटतो.

आता घेताना. एसकेएक्स १९९६ ला आलं आणि २०१९ च्या आसपास बंद झालं, तेव्हापासून त्याच्या नावावर काय काय विकलं जातंय. आपल्याकडे तर मुंबई स्पेशल हा वेगळाच प्रकार आहे, घड्याळाची जुनी केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, घासून चकचकीत करायची, डायल नव्याने रंगवायची, कुठल्यातरी तिसऱ्या घड्याळाचे काटे लावायचे आणि ओरिजिनल म्हणून द्यायचं. मला त्या कारागिरांच्या हाताचं कौतुक आहे पण संग्रहाचं पहिलं घड्याळ म्हणून ते घेऊ नका. विकणाऱ्याकडे मागच्या झाकणाचा फोटो मागा, एसकेएक्स००७ वर ७एस२६-००२० असंच पाहिजे. खाली सिरियल नंबर असतो त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला ओ, एन, डी. डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरात पण कोड असतो त्याची सुरुवात तरी झाकणाशी जुळली पाहिजे, आणि डायलवर नुसतं वॉटर रेझिस्ट नाही तर डायव्हर्स २०० एम लिहिलेलं पाहिजे. रेडियम काट्यांचं आणि डायलवरच्या ठिपक्यांचं अंधारात एकसारखं चमकतंय का बघा, काटे वेगळे चमकले तर ते बदललेले आहेत. आत मशीन बदलून एनएच३६ ही सेकोचीच दुसरी मशीन घातलेली असेल तर चावी देता येईल, वापरायला चांगलंच, पण मग ओरिजिनलची किंमत देऊ नका.

आणि घड्याळ हातात आलं की पाण्यात जायच्या आधी दोन्ही वायसर, झाकणाचा आणि चावीचा, नवे टाकून, ग्रीस लावून, प्रेशर टेस्ट करून घ्या, रत्नागिरीत टेस्टचं मशीन नसेल तर कोल्हापूर-पुण्याला पाठवा. समुद्रातून आलात की दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, फिरवत फिरवत धुवा, त्याच्या खाली मीठ आणि वाळू बसते आणि एक दिवस ते फिरेनासं होतं. विकणाऱ्याचे फोटो आले की इथेच टाका, डायलचा कोड मी बघून सांगतो.